आमच्या दाजींची वाइब

…आन म्हणं क्रिंज! आता तुमीच सांगा, सत्तरीला टेकलेल्या माणसाला, सख्ख्या आज्याला, सकाळी च्या पिताना असं म्हणावं का? तुमाला सांगतो, कप हातातच राह्यला. मला वाटलं, उसावर पडणारा नवा रोग असंल कायतरी, आवंदा आपल्यावर पडला. पण न्हाय! आमची नात राजनंदिनी, पुण्याला शिकती, भावाच्या लग्नाला सुट्टी काढून सणसरला आलेली, ती चहात टोस बुडवत म्हणती कशी, "आबा, दादाच्या लग्नात माईक तुम्ही नका ना घेऊ. माझ्या मैत्रिणी येणारेत. खूप क्रिंज होतं."

माईक न्हाय घ्यायचा? मी? अहो, सणसरपास्नं अंथुर्ण्यापातूर कुणाचं बी लगीन लागू द्या, मांडवात आवाज कुणाचा? ह्या तात्याबाचा! माझा बाप मेंढरं राखायचा. माळावर हुबं राहून हाळी दिली की पल्याडच्या वाड्यावरचं कुत्रं उठून बसायचं. त्यो गळा मला आलाय. मेंढरं गेली, ऊस आला, गळा तेवढा घरात राह्यला. आन मी काय वंगाळ बोलतो काय माईकवर? पाहुण्यांची नावं घेतो! "सुप्याहून खास आलेले, प्रगतशील बागायतदार, आपल्या सर्वांचे मार्गदर्शक…" मग त्याचा अर्धा एकर ऊस असू द्या, न्हायतर दारात नुसती तुळस असू द्या. माणूस उन्हातान्हाचा इस्त्रीची कापडं घालून आलाय, त्याचं नाव एकदा मांडवात घुमलं की त्याला बुंदी न्हाय मिळाली तरी चालतंय. बाप माझा मेंढराला बी नावानं हाक मारायचा, ही तर माणसं हायत! आन आता घरच्या मांडवात, नातवाच्या लग्नात, मी तोंड शिवून बसायचं?

म्हटलं, "बाई, क्रिंज म्हंजी काय तेवढं तर सांग." तर म्हणती, "म्हणजे ना आबा, करणारा मजेत करत असतो, आणि लाज बघणाऱ्याला वाटते."

तितं आमची मंडळी, म्हाळसा, भाकरी थापत हुती. ती मान वर न करता म्हणली, "मग मला लगीन झाल्यापास्नं ह्येच हुतंय की गं! शब्द नवा, दुखणं जुनं."

बघा म्हंजी. घरात दोन बाया, दोनी त्या बाजूला.

आता इंग्रजीशी माझं काय वैर न्हाय हां. ट्रॅक्टर आला, लोन आलं, फॅक्टरी आली, घरच्यावानी राह्यली. टेन्शन तर असं राह्यलं की आता म्हशीला बी टेन्शन येतंय. पैलं लोकास्नी घोर लागायचा. टेन्शन आल्यापास्नं घोर कुणाला लागलेला बघितलाय का तुमी? पण त्ये शब्द कसं, बैलगाडीनं यायचं, वस्तीला राह्यचं, चार पिढ्यांची वळख करून घ्यायचं. आताचं शब्द मोबाईलातनं येत्यात, सोमवारी येत्यात आन बिस्तरवारी शिळं हुत्यात! मी 'लिट' शिकलो. लिट म्हंजी झकास. येष्टीच्या थांब्यावर जरा रुबाबात वापरला, तर घरी आल्यावर पोरगी तोंड वाकडं करून म्हणती, "शी आबा, लिट आता कोणीच म्हणत नाही." अहो, रातची भाकर बी सकाळच्याला दुधात चालती! एवढ्यात शब्द कसा काय इटला?

पण माईक पायजे हुता ना… म्हटलं, चला, माईकसाठी ही बी शाळा करू. बसलो पोरीपुढं पाटी घेतल्यागत. घोस्ट करणं. म्हंजी काय? तर ग्वाड बोलता बोलता माणसानं गायबच व्हायचं, फोन बी उचलायचा न्हाय. म्हटलं, ह्ये तर ऊसतोडीचा मुकादम दर हंगामाला करतोय! रेड फ्लॅग म्हंजी सोयरिकीच्या आदीच पुढचा धोका दिसणं. आमच्यात मधला माणूस म्हणायचा, "पोरगं सोनं हाय, जरा तापट हाय." तितंच दिसायचा की झेंडा! डेलुलु म्हंजी मनातल्या मनात मांडे खाणं. असली माणसं आमच्या वार्डात दर इलेक्शनला चार-पाच निघत्यात. दर शब्दाला आतनं म्हाळसाचा आवाज… "शब्द नवा, दुखणं जुनं." आन वाइब? ती काय पोरीला बी धड सांगता आली न्हाय. म्हणती, "आबा, ती जाणवते." म्हटलं, देव बी असाच हाय बाई.

पास झालो मी परीक्षा! तरी माईक न्हाय. म्हणती, "आबा, तुम्ही फक्त फेटा बांधून गोड दिसा." तुमाला खरं सांगतो, लई लागलं मला. गोड दिसायला मी काय बाळसं धरलेलं पोर हाय?

आला लग्नाचा दिस. माईक राजनंदिनीच्या हातात. ह्ये मोठं गॉगल, भरजरी घागरा. "हॅलो गाइज! काय वाइब आहे आज!" समोर सगळं गाव. पागोटी, टोप्या, फेटं, एकेकजण कान टवकारून बसलाय, आपलं नाव कवा येतंय म्हणून. माझ्या बाजूचा म्हातारा मला इचारतो, "कुठलं पाव्हणं म्हणायचं ह्ये गाइज?" आन पोरीनं नावं घेतलीच न्हाईत! एक बी न्हाय! "तुम्ही सगळे आलात, लव्ह यू ऑल," म्हणली आन गाणं लावलं. अहो, सगळे म्हंजी कोण? सगळ्यात मी आलो का न्हाय, ह्ये माणसाला कळायचं कसं?

पुढच्या रांगेत आमचं दाजी, दादासाहेब. माझ्या थोरल्या भणीचं, भागूबाईचं मालक. घरचा पैला जावई! जावयाचं नाव म्हंजी पैलं, त्याच्या आदी फक्त गणपती. दाजींनी जरा मान लांब केली. मग घसा साफ केला. मग उठलं, धोतराचा सोगा झटाकला, मांडवाच्या भाईर गेलं आन जीपमध्ये जाऊन बसलं. काच वर! मागनं भागूबाई, पदर डोळ्याला लावून. आता सांगा, नवरदेवाच्या बापाची सख्खी आत्या भाईर जीपमध्ये रडतीया आन आत नातवावर अक्षता टाकायच्या? नवरीकडचं लोक घड्याळं बघायला लागलं, भटजी माझ्याकडं बघायला लागलं, आन नवरदेवाचं तोंड तर मुंडावळ्यांच्या मागं पांढरंफेक.

नवरदेवाचा बाप, माझा दत्तोबा, गेला हात जोडून. "मामा, चुकलं." दाजी म्हणलं, "कुणाचं?" संपलं! एकदा 'कुणाचं' निघालं की माणूस मागं मागं जात पार सोताच्या लग्नातल्या आमटीपातूर जातोय. दत्तोबा आला घाम पुसत माघारी. मग मी गेलो. जाताना इचार करतोय, काय म्हणावं? माफ करा म्हणलं तर पोरगी खाली पडती, पोरगी ल्हान हाय म्हणलं तर दाजी म्हणणार, मग मोठी कवा हुणार? मराठीतला एकेक शब्द भांडणात वापरून गुळगुळीत झालेला. आन तोंडातनं काय निघावं?

"दाजी, क्रिंज झालं."

काच जरा खाली आली. "म्हंजी?"

"म्हंजी करणारानं मजेत केलं. लाज मला वाटली."

दाजींनी काच पार खाली घेतली. भांडायला जागाच न्हवती हो त्या शब्दात, ना कुणाचा बाप, ना कुणाचा बांध. मागं बघतो तर राजनंदिनी हुबी. गॉगल हातात, डोळं भरल्यालं. म्हणली, "आबा, घ्या," आन माईक माझ्या हातात दिला. दाजी दार उघडून म्हणलं, "आवाज जरा मोठा ठेव."

मग काय इचारता! घेतली नावं. पैलं दाजी, मग सोयरं, मग धायरं, आचारी, बँडवालं, जीपचा डायवर. पोरीच्या मैत्रिणींस्नी बी सोडलं न्हाय. एकीला इचारलं, शेतीबाडी? म्हणली, "गॅलरीत एक कुंडी आहे." म्हटलं, झालं की! "पुण्याहून खास आलेल्या प्रगतशील बागायतदार…" पोरी शिट्ट्या मारायला लागल्या, मोबाईल वर! मुहूर्त तेवढा आमाला घोस्ट करून गेला, पण पाव्हणा एक गेला न्हाय.

आता तुमी म्हणाल, झालं सगळं ग्वाड. कशाचं ग्वाड! परवा अंथुर्ण्याला बारसं हुतं. दाजींस्नी खुर्ची मिळाली दुसऱ्या रांगेत. पैलं असतं तर म्हणलं असतं, "आमची किंमत न्हाय." आता उठलं, सोगा झटाकला आन भर मांडवात म्हणलं, "हितं वाइब न्हाय!" आन गेलं की जीपमध्ये! मी लगोलग पोरीला फोन लावला पुण्याला, म्हटलं, तुझाच शब्द हाय, तूच काढ ह्यास्नी भाईर. तर म्हणती, "आबा, वाइब आता कोणीच म्हणत नाही."

म्हाळसानं नुसतं माझ्याकडं बघितलं. तुमाला सांगतो… शब्द शिळा झाला, आन दाजी अजून जीपमध्येच हायत.