ऋतुजाचा अडलेला शब्द

मंडळी, ऐका! जत्रेत पाळणेवाला येतो. पाळण्यातून लेकरू पडलं, तर त्याला म्हणता येईल का — "मी नुसता पाळणा फिरवला, पोर आपलं आपण पडलं"? गाव त्याला सोडेल का? नाही ना! मग लेकरांची थट्टा घरोघर फिरवणाऱ्या या मोबाईलमधल्या कंपन्यांना का सोडायचं?

आंबेवाडीची रंजना. नवरा गेलेला. बचत गटात पापड लाटून पोट भरायची. एकच लेक — ऋतुजा, सातवीतली. पोर बोलताना अडखळायची. पण बोलायची हो! शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तोंड सुरू!

शाळेत भाषणाची स्पर्धा झाली. ऋतुजा "स्वातंत्र्य" शब्दावर अडली. स्व... स्व... स्व... तरी पोरीनं भाषण पुरं केलं! टाळ्या घेतल्या! कुणीतरी मात्र तेवढं अडलेलंच कापून घेतलं, मागं ढोलकी लावली आणि दिलं मोबाईलवर सोडून. टाळ्या कुठं गेल्या? गेल्या कात्रीत!

खाली पोरं लिहायला लागली — "गाडी स्टार्ट होईना, धक्का मारा!" हसताय? ती पोरं पण अशीच हसली, मंडळी. ऋतुजा म्हणाली, "आई, मी शा... शाळेत नाही जाणार."

रंजनानं तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं — "आमच्या नियमांत न बसणारं काही आढळलं नाही." वा रे नियम! लेकरू रडून अर्धं झालंय, आणि नियम ठणठणीत!

मग गटातल्या बायका पदर खोचून उठल्या. शांताक्का म्हणाली, "रडू नगंस रंजे. आपण समद्या जणी त्याच्या खाली लिवू. लाज वाटंल त्यास्नी!" आणि लिहिलं हो! "लेकराला हसू नका." "देव बघतोय." माहेरी पाठवलं, नणंदांना पाठवलं, त्यांनीही लिहिलं. सगळं मायेनं! पण कंपनीच्या त्या यंत्राला माया कळते का? त्याला कळते गर्दी! गर्दी जमली ना — दाखवा आणखी लोकांना! क्लिप तालुका ओलांडून गेली, जिल्हा ओलांडून गेली.

शाळेच्या बाईंनी हे समजावलं, तेव्हा रंजनानं विचारलं, "म्हंजी बाई, माझ्या लेकीची थट्टा आमीच फिरवली व्हय?"

"नाही हो रंजनाताई. तुम्ही अडवायला गेलात. फिरवली त्या कंपनीवाल्यांनी. गर्दी वाढली की त्यांचा धंदा वाढतो."

बाई पोलिसांत गेल्या, वरपर्यंत अर्ज केले, तेव्हा कुठं क्लिप निघाली. निघाली, मंडळी! म्हणजे काढता येत होती! पहिल्या दिवशीच येत होती!

रंजना पिठाच्या हातांनी धावत घरी आली. "बाळा, काढली गं, काढली!"

ऋतुजानं मान हलवली.

"अगं, बोल की काहीतरी!"

पुन्हा मान. पोरीनं बोलणंच टाकलं होतं. आजही पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट दाखवते. माझ्याच्यानं पुढं सांगवत नाही.

हसणाऱ्यांचं पाप आहेच. पण थांबवायची किल्ली ज्याच्या हातात होती आणि ज्यानं ती फिरवली नाही, त्याचं मोठं! त्याला जाब विचारा. गावानं विचारा, कायद्यानं विचारा. आणि तुम्ही? असल्या क्लिपखाली चांगलंसुद्धा लिहू नका. उठा, त्या पोरीच्या घरी जा. तिच्यापाशी बसा. तिच्या तोंडून "आ..." आला, तर घाईनं पुढचा शब्द तुम्ही पुरा करू नका. तिला "आई" म्हणू द्या.