वैशालीचं नाव मोडू नका

तुमी हसाल, पण मागं एका नावापायी माझा छापखाना अडून बसला होता. मी वसमतला हातानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून लग्नपत्रिका छापते. बाळापूरच्या सखुबाई लेकीच्या, वैशालीच्या, पत्रिका न्यायला आल्या आणि जुळवलेल्या नावाकडं बघत म्हणाल्या, “याचं आता काय करता?”

“मोडते. तेच खिळे दुसऱ्याच्या पत्रिकेला लागतात.”

“लग्नाआधीच लेकराचं नाव मोडता? न्हाई बाई. पोरगी सासरी रमू द्या, मग मोडा.”

मी ते नाव दोऱ्यानं बांधून फळीवर ठेवलं. मोठ्या अक्षरांत माझ्याकडं ‘श’ दोनच, त्यातला एक वैशालीत. अन् पुढचा नवरदेव नेमका शिवशंकर. त्याचे वडील चिडले, “काहून थांबायचं आमी?”

मी कारण सांगितलं. मग म्हणाले, “आमच्या लग्नाला अवकाश हाय. राहू द्या तसंच. मलाबी लेक हाय.”

लग्नानंतर सखुबाई आल्या. “मांडवपरतणीला माहेरी आली ती हसतच. रमली,” म्हणाल्या आणि दोरा स्वतःच्या हातानं सोडला. जाताना दारात थांबल्या.

“ती अक्षरं चांगल्या घरी द्या बरं.”