दोन गाठींची सुतळी

रामनगरच्या बसस्थानकावर बसची वाट पाहणाऱ्या शिल्पाशेजारी बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातातल्या सुतळीला दोन गाठी होत्या, एकमेकींपासून बरोबर सहा फुटांवर.

"ही सुतळी कशाला आणली ओ?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"पिकअपच्या हौद्याला फळ्या घ्यायच्यात. त्याचं माप."

"चार वर्सं मोडकी गाडी अंगणात पडून हाय. आत्ताच दुरुस्तीची घाई?"

"भात न्यायला."

"भाताला माप लागतंय व्हय? काल ह्याच सुतळीनं खाट मोजत हुता. मग कपाट."

"उगंच मोजलं."

"देव्हारापण उगंच?"

म्हातारा सुतळी बोटाला गुंडाळत राहिला.

"वाड्यातली बाकी सगळी घरं रान सोडून गेली. आपण जायाचं का न्हाई, चार वर्सं इचारते. आज तरी बोला."

"सोडायचं, सुंदरी. मळणी झाली की घर सोडायचं."