मातकट रंगाचा पट्टा

दत्तप्रसाद : एवढा लालभडक न्हाई चालायचा, फुलाक्का. टोचनचा पट्टा हाय का नवरीचा शालू? आत्ता दुकानातनं आणल्यागत दिसतोय.

फुला : आणून वर्स झालं की. वापरलाच न्हाई तुम्ही.

दत्तप्रसाद : तेच तर लपवायचं हाय. रविवारी बेंगळूरची मंडळी जीपा घेऊन येणार, तुमच्या गुंद गावच्या चिखलात घालायला. पुढारी मी. रुतलेल्या गाड्या काढण्यात माझा हात कुणी धरत न्हाई, असं सांगून बसलोय.

फुला : आणि काढल्या किती?

दत्तप्रसाद : तू पट्ट्याचं बोल. मातकट रंग पाहिजे. चहात बुडवून बघितला, नुसत्या मुंग्या लागल्या.

फुला : नायलॉन हाय त्यो, चहाला दाद देत न्हाई. आणि मी सीटकवर शिवणारी बाई, रंगारीण न्हवं.

दत्तप्रसाद : काहीतरी कर गो. गणेशगुडीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई मला.

फुला : मग सोपं हाय. आमचा नांगरायचा टिलर खालच्या शेतात रुतलाय. भाताचा तरवा उपटून ठेवलाय, लावणीच्या बाया बांधावर बसून हाईत. पट्टा बांधा, जीपनं वढा. रंग आपसूक चढंल.

दत्तप्रसाद : शेतात? जीप?

फुला : चिखलासाठीच घेतली म्हणता न्हवं?

दत्तप्रसाद : कालच पॉलिश करून आणलीय. न्हाई, न्हाई. पट्टा तेवढा ठेवून जातो.

फुला : तरवा वाळला तर वर्सभर खायचं काय आम्ही? जीव थाऱ्यावर न्हाई माझा.

दत्तप्रसाद : हुईल काहीतरी. पट्ट्याला जप हां, भारीतला हाय.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फुलाच्याच दुकानात.)

दत्तप्रसाद : व्वा. ह्याला म्हणतात पट्टा. कडंला दोऱ्यांची कुसं बी निघालीत. कसला रंग घातलास?

फुला : खालच्या शेतातला.

दत्तप्रसाद : म्हंजे?

फुला : एक टोक टिलरला, दुसरं रेड्यांच्या जुवाला. मामंजी ह्या वयात कमरंएवढ्या चिखलात उतरून मागनं रेटत हुते. रडूच आलं मला बघून. पण निघाला. लावणी बी झाली.

दत्तप्रसाद : माझा इंपोर्टेड पट्टा रेड्यांना बांधलास?

फुला : धुऊन देऊ? घटकाभरात लाल हुतोय परत.

दत्तप्रसाद : नको, नको. असू दे. कुठं बोलू नको तेवढं.

फुला : न्हाई बोलत. पण रविवारी त्यांच्या गाड्या खरंच रुतल्या तर?

दत्तप्रसाद : बघू की.

फुला : जीप घालणार चिखलात?

दत्तप्रसाद : फुलाक्का... रेडे मोकळे हाईत न्हवं रविवारी?

फुला : हाईत की. कुठल्या झाडामागं उभं करू, तेवढं दाखवून जावा.