डावीकडे ओढणारी गाडी

हॅलो?… हां वहिनी, बोल. मिळाली ना गाडी काल?… मी म्हटलंच, तुझा फोन येणार.

अगं ऐक ना आधी. तू दिली होतीस फक्त बॅटरी बदलायला, पण उघडली तर आतली अवस्था बघवेना. शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल गळून गेलेलं, गिअरमध्ये माती. दादाची ती दगडांवर चढणारी रिमोटची क्रॉलर, आणि अशी?… नाही, तुला नाही बोलत. तो जाऊन वर्ष होत आलं, तेलपाणी तरी कोण बघणार.

हो, हो… खोलली सगळी. पुढच्या चाकांत वजनं घातली, आता चढावर मागे उलटणार नाही. मागच्या अंगणातल्या त्या मोठ्या दगडावर घातलीस का?… चढली? एका दमात?… मग तुझा आवाज असा का येतोय?

सरळ जाते म्हणजे?… अगं, सरळच जायला हवी ना. आधी सारखी डावीकडे ओढायची. दुसऱ्या कुणाची असती तर दादाने त्याची सालटी काढली असती.

नाही, तुटलेलं काहीच नव्हतं. रिमोटमध्येच कुणीतरी गोंधळ घालून ठेवलेला. स्टिअरिंग एका बाजूला, वेग एकदम मंद. मी सगळी सेटिंग पुसली आणि नव्याने लावली.

कुणी म्हणजे?… दादाने? मुद्दाम?

अंगठ्याला काय झालं होतं?… थांब, सावकाश सांग… उजवीकडे घसरायचा… आवरायचा नाही… म्हणून त्याने गाडी तेवढीच डावीकडे… म्हणजे त्याच्या हातात ती सरळ जायची. हो. कळलं.

मला कसं नाही सांगितलं?… ‘धाकट्याला कळता कामा नये.’ असं म्हणाला?

मी त्याला म्हणायचो गं, दादा, हल्ली तुझं हातातल्या कामात लक्ष नसतं. तर नुसता हसायचा.

तू रोज चालवायचीस?… हं… अंगठा ठेवला की ती ओढायची, आणि तू उजवीकडे दाबून धरायचीस… त्याचा हात धरल्यासारखं… नाही वहिनी, वेडेपणा कसला त्यात.

परत तशी?… हो, करतो ना. उद्या येतो. दोन मिनिटांचं काम आहे. रडू नकोस.

…वहिनी, ऐक. आत्ता खोटं बोललो. मला नाही करता येणार. किती ओढत होती ते मी बघितलंच नाही. बिघाड समजून थेट पुसून टाकलं. आणि हातातली ताकद जाईल तसतशी तो ती ओढ वाढवत गेला असणार. शेवटचं कुठे ठेवलं होतं, कुणाला माहीत?

तुला माहीत असेल. तुझ्या हाताला तरी. रिमोट आहे जवळ?… मग फोन स्पीकरवर टाक आणि गाडी सोड फरशीवर. स्टिअरिंगच्या काडीखाली छोटी चकती आहे बघ… ती. फिरव डावीकडे. थोडीच… आता?

अजून थोडी… आता?… जास्त झालं? मग मागे घे… हळू… हे?… हेही नाही?

बरं, डोळे मिटून बघ… घाई नाही.

अगं, पण आजच्या दिवसात किती चालवलीस तू?… सकाळपासून?… का?

ती ओढ शोधत होतीस… कुठेतरी लागेल हाताला म्हणून.

हं… मग आता ही सरळ चालच बसली हाताला, जुनी ओढ गेली.

नाही गं, तुझी कसली चूक? माझी आहे. पुसलं मी… नको, आता फिरवू नकोस, वहिनी. राहू दे… अगं, लागलं अगदी बरोबर, तरी ते आता आपल्या दोघांनाही कळणार नाही.

येतो उद्या… नाही, हत्यारं नाही आणत. नुसता येतो… हो. ठेवतो.