अंगणातली तार

नसरापूरच्या थांब्यावर माझ्या शेजारी दोघं एसटीची वाट बघत होते. बाजींच्या मांडीवर तांब्याच्या तारेचं नवं वेटोळं. धोंडाबाई त्यांच्याच गावच्या.

"परत तार? अंगणात ताणलीय की एक, घरापासनं आंब्यापातूर."

"ती रेडिओची. लांबची स्टेशनं धरती."

"तिच्यापायीच वैनी पालीला भावाकडं गेल्या न्हवं?"

"तिनं वल्ल्या गोधड्या टाकल्या तारंवर. तार लोंबली, स्टेशनं गेली. म्या बोललो जरा."

"जरा? आमच्या दारात ऐकू आलं."

"ऊन तिथंच पडतं, म्हनली."

"खरं हाय ते. बरं, आता तार मोकळी हाय. ऐका निवांत."

"लई स्वच्छ येतंय. पार परदेशातलं."

"मग?"

"मग काय. रेडिओ बंदच असतो."

"अन् ही कशाला?"

"ही घरामागं बांधतो. पुढची ऱ्हाईल गोधड्यांना."

"मागं येत्यात का स्टेशनं?"

"बघू."

"उठा, आपली कामथडीची गाडी आली."

"तुमी व्हा पुढं. म्या पालीची बघतो."

"मग तार द्या हिकडं, घरी ठिवते."

"नगं, ऱ्हाऊ द्या. तिला दावायचीय."