हाजींच्या पळणाऱ्या फाइली

अम्मानच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रझानच्या पुढे हाजी नायफ लॅपटॉप आपटत होते.

"मध्येच फाइलींची यादी सुसाट खाली पळते! नातीच्या निकाहाचा कागद यातच आहे, तासाभरात काझी येतोय!"

"आता तर पळत नाहीये, हाजी."

"तुझ्यासमोर सोज्वळपणा करतंय मेलं!"

"घरी पळते तेव्हा तुम्ही काय करत असता?"

"चिडलेला असतो!"

"मग चिडा. परवा तुमच्या टीमनं पाच गोल खाल्ले म्हणे?"

"अस्तगफिरुल्लाह! अल्ला, माफ कर! अस्तगफिरुल्लाह!"

"पळाली! हाजी, हलू नका. राग आवरायला जपता त्या तुमच्या तसबीहचे मणी खाली नेणाऱ्या बाणाच्या बटणावर टेकलेत. ती आधी खिशात घाला."

"घालतो. पण मग तुला शिव्या घालण्यापासून मला कोण अडवणार?"